दिवे घेताना पेन्सिल हलवून पाहा

लालबागेतल्या आपल्या शाळेत नवे एलईडी दिवे बसवायचे घाटत आहे. विश्वस्त मंडळींनी वॅट आणि भावाबरोबर दिव्याची लुकलुकही पाहावी, असे मला वाटते.

आपली वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा आणि कित्येक स्वस्त एलईडींचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. आपल्याला तो स्थिर भासतो. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मधली (१९१३) सुटी चित्रेही अशीच सलग भासली! पण डोळ्याच्या पडद्यातल्या चेतापेशी इतक्या सहज फसत नाहीत. त्यांतल्या काही उजेड वाढताच मेंदूकडे संदेश धाडतात, काही तो घटताच; उजेड स्थिर असला की बहुतेक मंदावतात. लुकलुकत्या दिव्याखाली त्यांना उसंत कुठली?

इंग्लंडमधल्या एका कचेरीत ट्यूबलाइटची ही लुकलुक काढल्यावर डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण निम्म्याहून कमी झाल्याचे १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. मुले तर रोज पाच-सहा तास वर्गात बसतात.

परीक्षा सोपी आहे. इतर उजेड बंद करून दिव्याखाली पेन्सिल भराभर हलवा. सुट्यासुट्या पेन्सिली दिसल्या, तर तो दिवा दुकानदाराला परत करावा. पालकांनी घरचा अभ्यासाचा दिवाही असाच तपासावा.