स्वदेशी पंखांना शिस्तीचे बळ हवे

मुंबईत कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान उभे केले. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते देशाने पाहिले आणि २०१७ मध्ये त्याची अधिकृत नोंदणी झाली. लालफितीशी वर्षानुवर्षे झुंजणाऱ्या या मराठी वैमानिकाचे कौतुक झाले, ते यथोचितच होते. परंतु कौतुकाच्या भरात एक प्रश्न मागे राहू नये. स्वहस्ते बांधलेल्या विमानाचे इंजिन आकाशात बंद पडले, तर पुढे काय?

इंजिन थांबले म्हणून विमान दगडासारखे कोसळत नाही. नाक किंचित खाली ठेवून वेग राखला, तर ते तरंगत खाली येते आणि समोरच्या मोकळ्या रानात उतरवता येते. घात होतो तो मनाच्या गोंधळामुळे. उड्डाण करताच इंजिन बंद पडले की धावपट्टीकडे वळण्याचा मोह होतो. कमी उंचीवरच्या त्या वळणात वेग सरतो, पंखांचा आधार सुटतो आणि सावरण्यास अवकाशच उरत नाही.

अमेरिकी गायक जॉन डेन्व्हर यांचा १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियात झालेला मृत्यू या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यांनी नुकतेच विकत घेतलेले विमान एका हौशी कारागिराने बांधलेले होते. इंधनाची टाकी बदलण्याची कळ मूळ आराखड्यातील जागा सोडून वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवली होती. तिच्याकडे वळताना विमानावरील ताबा सुटला, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. एका कळीची जागा चुकली आणि प्राण गेला.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये अशा विमानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खाजगी व लहान विमानांत त्यांचा वाटा सुमारे १० टक्के. २०११ मधील प्राणघातक अपघातांत मात्र २१ टक्के. इंजिनातील बिघाड आणि ताबा सुटणे, ही प्रमुख कारणे. म्हणूनच पहिल्या उड्डाणापूर्वी इंधनप्रवाहाची जमिनीवर कसून चाचणी व्हावी, असा मंडळाचा आग्रह होता.

तेथे हे कार्य केवळ शासनावर सोपवलेले नाही. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या हौशी विमानबांधकांच्या संघटनेचे अनुभवी स्वयंसेवक बांधणी चालू असतानाच विमान तपासतात, दोष दाखवतात. समाजाच्या अंगभूत शक्तीचे हे उत्तम उदाहरण होय.

आपल्याकडे संघस्थानावर तीच आज्ञा, तीच कृती रोज का गिरवली जाते, हे स्वयंसेवकाला सांगावे लागत नाही. संकटाच्या क्षणी विचाराला उसंत नसते. तेव्हा अंगवळणी पडलेली शिस्तच उपयोगी पडते. आकाशातही नियम तोच आहे. भारतात उद्या अनेक तरुण गच्चीवर, गोठ्यात, कारखान्यात विमाने बांधतील. त्यांना परवानगी सुलभ मिळालीच पाहिजे; पण त्याचबरोबर दोष निर्भीडपणे सांगणारे जाणते स्वकीयही मिळाले पाहिजेत. स्वदेशीचा अभिमान खरा तोच, जो स्वतःच्या यंत्राची कठोर परीक्षा घेण्यास कचरत नाही.