पाकिटाची मागची बाजू



आज एका जुन्या पाकिटाबद्दल बोलूया. १९५०च्या दशकात अमेरिकेत कितीतरी बायका स्वतःचे ड्रेस घरीच शिवायच्या. 'सिम्प्लिसिटी', 'मॅकॉल्स', 'बटरिक' या कंपन्या त्यांना कापड बेतायचे कागदी नमुने पाकिटात घालून विकायच्या. पाकिटावर असायचं तयार ड्रेसचं हाताने काढलेलं चित्र.

त्या चित्रातली बाई नीट बघा. कंबर मुठीत मावेल एवढी, पाय लांबच लांब, खाली भरपूर घेर. १९४७ मध्ये पॅरिसला ख्रिश्चन दिओर यांनी आणलेल्या 'न्यू लूक'चा हा प्रभाव. खऱ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण साडेसात पट असते. फॅशनच्या चित्रात ती नऊ पटीपर्यंत ताणतात. म्हणजे चित्र सरळसरळ वाढवून सांगतंय!

मग ही फसवणूक का? माझ्या मते नाही. पाकीट उलटं करा. मागे तक्ता आहे: कोणत्या मापाला, किती पन्ह्याचं, किती वार कापड लागेल. कोणतं कापड चालेल, चेन केवढी, बटणं किती. पुढे स्वप्न, मागे हिशोब. शिवणारी बाई दुकानात उभ्या उभ्या खर्चाचा अंदाज बांधू शकायची.

आपण मात्र पुढची बाजू सजवतो आणि मागची कोरी ठेवतो. मीही तेच केलं होतं. दुकान उघडलं त्या वर्षी होलसेलरने पाठवलेले मॉडेलचे फोटो स्टेटसला टाकले. ऑर्डरी धडाधड आल्या, आणि ड्रेसही धडाधड परत आले. कुणाला घेर कमी, कुणाला कापड पातळ. पैसे परत दिले त्याचं एवढं नाही; पण त्यातल्या काही ताई पुन्हा दुकानाची पायरी चढल्या नाहीत. फोटो छानच होता. माप लिहायचं मीच विसरले होते.

आज माझ्या प्रत्येक फोटोखाली चार गोष्टी असतात: छाती, उंची, घेर इंचात, कापडाचं नाव, अस्तर आहे की नाही, धुतल्यावर आटेल का. "एवढं लिहिलंत तर गिऱ्हाईक पळेल," असं मला सांगतात. पळू द्या ना! माप वाचून जे पळालं, ते उद्या ड्रेस परत घेऊन आलंच असतं.

आजचा गृहपाठ: तुमच्या सगळ्यात जास्त खपणाऱ्या वस्तूचा फोटो घ्या आणि त्याची मागची बाजू लिहून काढा. लिहिताना जिथे हात अडखळेल, तिथूनच तुमचा माल परत येतोय.