आधी मद्यालये, मागाहून विद्यालये

कोरोनाच्या टाळेबंदीनंतर महाराष्ट्रातील मद्यगृहे ५ ऑक्टोबर २०२० रोजी निम्म्या आसनक्षमतेने उघडली. नववी ते बारावीच्या वर्गांना २३ नोव्हेंबरपर्यंत थांबावे लागले. मुंबईतील पहिलीच्या वर्गांना तर थेट १५ डिसेंबर २०२१ पर्यंत! संमतिपत्रावर सही करताना अनेक पालकांचा हात अडखळला, आणि ते भय खोटे नव्हते. मद्यगृहातील नोकरांच्या चुली पेटणेही अगत्याचेच होते. परंतु मद्यगृहांच्या पाठीशी मालकांच्या संघटना होत्या, अबकारी महसूल होता. घरातला एकुलता एक मोबाइल बाप कामावर घेऊन गेल्यावर रिकाम्या हाताने बसलेल्या पोराचे गाऱ्हाणे मंत्रालयात कोणी नेले?