उतारा वाचला, पण समजला काय?

परीक्षांच्या हंगामात दादर स्थानकाच्या पश्चिमेस उतरून पुस्तकांच्या दुकानांवरून जो कोणी जाईल, त्याला एक दृश्य हमखास दिसेल. बारावीतला मुलगा किंवा मुलगी, सोबत आई अथवा वडील, आणि दुकानदाराने पुढ्यात रचून ठेवलेली जाडजूड इंग्रजी पुस्तके. उताऱ्यांची पुस्तके, उताऱ्यांवरील प्रश्नांची पुस्तके आणि त्या प्रश्नांच्या तयार उत्तरांची पुस्तके! वडील किंमत पाहतात, मुलगा पाने चाळतो आणि अखेर घरखर्चाला कात्री लावून त्यांतली दोन-तीन घरी नेली जातात. या मायबापांच्या त्यागाविषयी आम्हांला आदरच आहे. परंतु ज्या वस्तूसाठी ते पदरचे पैसे मोजीत आहेत, ती वस्तू त्या पुस्तकांत आहे काय, हे एकदा स्पष्टपणे विचारले पाहिजे.

हा प्रश्न आज पूर्वीपेक्षा अधिक निकडीचा झाला आहे. एके काळी बारावीचे गुणपत्रक हीच महाविद्यालयाच्या दाराची किल्ली होती. मुंबईतील पुष्कळशा अभ्यासक्रमांपुरती ती अजूनही आहे. पण नव्या दारांना नवी कुलुपे लागत आहेत. २०२२ पासून दिल्ली विद्यापीठ, जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आदी केंद्रीय विद्यापीठांचे पदवीप्रवेश ‘सीयूईटी’ या सामाईक परीक्षेवर होऊ लागले. व्यवस्थापन व संगणक या विषयांच्या पदवी अभ्यासक्रमांसाठी महाराष्ट्राने २०२४ मध्ये प्रथमच सीईटी घेतली. तिच्या १०० प्रश्नांपैकी ४० इंग्रजी भाषेचे होते. आपल्याच शहरातील महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठात शिरावयाचे, तर ‘क्लॅट’ द्यावी लागते. ती तर २०२० पासून जवळजवळ संपूर्णपणे उताऱ्यांचीच परीक्षा झाली आहे. सुमारे साडेचारशे शब्दांपर्यंतचे उतारे, १२० प्रश्न आणि १२० मिनिटे. पाच-सहा प्रश्नांना एक उतारा धरला, तरी दोन तासांत आठ-दहा हजार इंग्रजी शब्द वाचून, समजून, त्यांवर निर्णय घ्यावयाचा. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. कायद्याचा प्रश्न उताऱ्यातून, तर्काचा प्रश्न उताऱ्यातून, चालू घडामोडींचा प्रश्नही उताऱ्यातूनच. ज्याला उतारा उमगला नाही, त्याचे केवळ इंग्रजीच बुडाले असे नव्हे, तर सारेच बुडाले.

गेल्या आठवड्यात लालबागहून एक मुलगी आपल्या आजोबांना घेऊन आमच्या कचेरीत आली. आजोबा गिरणीत होते. १९८२ च्या संपात नोकरी गेली ती गेलीच. मुलगी हुशार, मराठी माध्यमातील आणि वकील होण्याचा निश्चय केलेली. “सर, मला उतारा येतो, पण वेळेत संपत नाही,” ही तिची तक्रार. आम्ही तिला एका इंग्रजी दैनिकातील अर्धा स्तंभ वाचावयास दिला आणि म्हटले, “यात काय लिहिले आहे ते मराठीत सांग.” ती थबकली. मग मराठी वृत्तपत्रातील एक लेख दिला आणि तेच विचारले. ती पुन्हा थबकली. खाली मान घालून म्हणाली, “सर, असं कधी कोणी विचारलंच नाही. खाली प्रश्न असतात, त्यांची उत्तरं शोधायची असतात.”

त्या मुलीने नकळत साऱ्या रोगाचे निदान सांगून टाकले. वृत्तपत्रात येण्यापूर्वी आम्ही काही वर्षे शाळेत इंग्रजी शिकविले. तेव्हा एकदा फळ्यावर मुद्दाम एक निरर्थक वाक्य लिहिले : “टिंबळे खरपाट भिरवून गुळमाळात शिरले.” मग प्रश्न विचारला, टिंबळे कोठे शिरले? सारा वर्ग ओरडला, “गुळमाळात!” काय करून शिरले? “खरपाट भिरवून!” एकही उत्तर चुकले नाही. शेवटी विचारले, टिंबळे म्हणजे काय? वर्गात शांतता पसरली आणि मग हशा उसळला. त्या हशात आम्हीही सामील झालो खरे, पण मनातून शरमलो. कारण आमच्या प्रश्नपत्रिकाही याच जातीच्या होत्या. अर्थ न कळता उत्तर सापडते, हे मुलांना आम्हीच शिकविले होते. प्रवेशपरीक्षेचा उतारा मात्र असा शोधाशोधीला बधत नाही. लेखकाचे म्हणणे काय, त्याने कोणती गोष्ट गृहीत धरली, कोणते अनुमान निघते आणि कोणते निघत नाही, हे तो विचारतो. तेथे ‘गुळमाळात’ म्हणून भागत नाही.

या प्रश्नावर आपल्याकडे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, मुलाला इंग्रजी माध्यमात घाला, की काम झाले. दुसरा म्हणतो, परीक्षाच मराठीत घ्या. दुसऱ्या पक्षाच्या मागणीला आमचा पाठिंबा आहे. महाराष्ट्रातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी असताना कायद्याच्या शिक्षणाचे एक प्रमुख दार केवळ इंग्रजीतूनच उघडावे, यात न्याय नाही. प्रादेशिक भाषांतून क्लॅट घ्यावी म्हणून २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयापुढे याचिकाही झाली आहे. परंतु या मागणीत आपली फसगत होऊ नये. सीयूईटी तेरा भाषांत देता येते आणि मराठी तींपैकी एक आहे. तरी तेथील भाषेच्या परीक्षेचा मुख्य आधार कोणता? उताराच! तेव्हा भाषा बदलली म्हणजे आकलन आपोआप येईल, हा भ्रम आहे. आणि इंग्रजी माध्यमाचे म्हणाल, तर ‘टिंबळे’ इंग्रजीतही असतातच. शब्द अचूक उच्चारणारा, पण परिच्छेदाचे सार सांगता न येणारा विद्यार्थी दोन्ही माध्यमांत सारखाच आढळतो.

आमचे म्हणणे एवढेच, की आकलन ही प्रथम विचाराची सवय आहे आणि मग भाषेची. ती सवय मातृभाषेत लागलेली असेल, तर परक्या भाषेत नेता येते. मातृभाषेतच लागली नसेल, तर परक्या भाषेत ती विकत मिळत नाही.

याला या शहराचा इतिहास साक्षी आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली. मॅट्रिक म्हणजे त्या काळची विद्यापीठ-प्रवेशपरीक्षाच. त्या पहिल्या तुकडीतील महादेव गोविंद रानडे इंग्रजीत पारंगत झाले. पण पुढे मराठीला विद्यापीठात पुन्हा स्थान मिळावे म्हणून अखेरपर्यंत झगडले. इंग्रजीला वाघिणीचे दूध मानणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ काढली ती मराठीत. या पिढ्यांना दोन भाषांत वैर दिसले नाही. तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमाला घोटून त्यांच्यामागून कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. त्या पद्धतीत दोष होते. पण एक गुण मोठा होता. वाक्याचा अर्थ लागल्याशिवाय त्याचे भाषांतर होत नाही. तेथे लपावयास जागा नव्हती.

परळच्या डबक चाळीतील एका खोलीत राहणाऱ्या भीमराव आंबेडकरांची गोष्ट तर गिरणगावाने विसरताच कामा नये. वडील रामजी सुभेदार यांनी मुलाच्या इंग्रजीसाठी स्वतः मेहनत घेतली. पुस्तकांसाठी लेकींचे दागिने गहाण टाकावे लागले, तरी ते डगमगले नाहीत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले ते ७५० पैकी २८२ गुण मिळवून. आजच्या गुणवत्ता यादीने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नसते! परंतु चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसणाऱ्या या विद्यार्थ्याला कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाने हेरले होते. मॅट्रिकच्या सत्कारप्रसंगी त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवले. पाठ्यपुस्तकाबाहेरचे एक अखंड पुस्तक, तेही मराठी! सहा वर्षांनी तोच विद्यार्थी कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. गुणपत्रक काय म्हणत होते आणि वाचन काय करून गेले, याचा निवाडा वाचकांनीच करावा.

मग सराव करूच नये काय? अवश्य करावा, पण तो सरावासारखा करावा. विद्यार्थ्यांनी सुरुवातीचे काही आठवडे घड्याळ बाजूस ठेवावे. रोज एकच उतारा घ्यावा आणि प्रत्येक परिच्छेदापुढे त्याचे सार एका मराठी वाक्यात लिहावे. वाक्य लिहिता आले नाही, तर परिच्छेद समजला नाही, असे प्रामाणिकपणे मानून तो पुन्हा वाचावा. अनोळखी शब्द दिसताच शब्दकोशाकडे धावू नये. आधी संदर्भावरून अर्थ ताडावा, मग शब्दकोशात पडताळावा. मोठ्या शब्दांपेक्षा लहान शब्द अधिक दगा देतात. ‘अ फ्यू’ म्हणजे काही थोडे. पण नुसते ‘फ्यू’ म्हणजे जवळजवळ नाहीच. ‘हार्ड’ म्हणजे कठीण. पण ‘हार्डली’ म्हणजे क्वचितच. ‘हाउएव्हर’ आला की लेखकाने वळण घेतले, ‘अनलेस’ आला की अट घातली, हे ओळखावे. उताऱ्याचा जीव या सांध्यांत असतो.

उत्तर बरोबर आले म्हणून पुढे पळू नये. उरलेले पर्याय का चुकीचे, हेही लिहावे. एक पर्याय खरा असतो, पण उताऱ्यात नसतो. एक उताऱ्यात असतो, पण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नसतो. एकात ‘सर्वच’, ‘नेहमी’, ‘केवळ’ असे शब्द घालून लेखकाच्या सौम्य विधानाला अतिरेकी केलेले असते. हे तीन सापळे ओळखता आले, की निम्मी लढाई जिंकली. त्यानंतर घड्याळ लावावे. वेग हा समजुतीच्या पाठोपाठ येतो. तो पुढे धावू लागला, तर पाय घसरतो. आणि उताऱ्यांच्या पुस्तकाखेरीज एक तरी अखंड पुस्तक महिन्याला वाचावे, मराठी वा इंग्रजी कोणतेही. ज्याने नदी कधी पाहिली नाही, त्याला ओंजळीतल्या पाण्यावरून प्रवाह कसा कळावा?

परंतु सारा भार सतरा वर्षांच्या मुलांवर टाकून मोकळे होणे, हे शहाण्या समाजाचे लक्षण नव्हे. राज्यातील शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० साली. पाव शतक उलटले. एवढ्या काळात वाचावयाची सवय का लागली नाही, याचा जाब मुलांना नव्हे, मोठ्यांना विचारला पाहिजे. प्रत्येक माध्यमिक शाळेने आठवड्यातून दोन तासिका अशा ठेवाव्यात, की ज्यांत प्रश्न नाहीत, गुण नाहीत. फक्त वाचावयाचे आणि वाचलेले उभे राहून सांगावयाचे. एक तासिका मराठीची, एक इंग्रजीची. याला नवी इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही. केवळ शिक्षकाला अभ्यासक्रमाच्या पाठलागातून तेवढी उसंत द्यावी लागते.

जागेचा प्रश्न मात्र खरा आहे. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे आणि एक दूरदर्शन संच असताना वाचावे कोठे? वरळीच्या बी.डी.डी. चाळींजवळची ‘अभ्यास गल्ली’ रस्त्यावरच्या दिव्यांखाली कित्येक पिढ्यांचा अभ्यास पाहत आली आहे. तिचे कौतुक करताना, मुलांना रस्त्यावर बसावे लागते याची खंतही वाटली पाहिजे. महापालिकेच्या आणि संस्थांच्या अभ्यासिकांत टेबले आहेत, पंखे आहेत. तेथे चांगल्या पुस्तकांचे एक कपाट आणि दोन भाषांतील चार दैनिके का असू नयेत? १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थांनी बारावीच्या मुलांना आवर्जून आत बोलवावे. आणि आमची गणेशोत्सव मंडळे? गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून चालत आलेली ही परंपरा लोकशिक्षणासाठीच होती. अनेक मंडळे पुस्तकपेढ्या चालवितात, ही भूषणाची गोष्ट आहे. त्यांनी एक पाऊल पुढे टाकावे. कार्यालयात आठवड्यातून दोन संध्याकाळी वाचनवर्ग भरवावा. निवृत्त शिक्षक प्रत्येक चाळीत आहेत. त्यांना कोणी बोलावीत नाही, एवढेच.

त्या लालबागच्या मुलीला आम्ही एकच काम सांगितले : रोज एक लेख वाचावा आणि त्यात काय आहे ते आजोबांना मराठीत सांगावे. आजोबा हसून म्हणाले, “साहेब, मला काय समजणार?” आम्ही त्यांना म्हटले, तुम्हांला समजले म्हणजेच तिला समजले, तिचे खरे परीक्षक तुम्हीच. ती यंदा उत्तीर्ण होईल की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. पण उद्या न्यायालयात उभी राहून एखाद्या अशिलाचे कागद ती वाचील, तेव्हा त्यांतली अट, त्यांतली पळवाट आणि त्यांतला अन्याय तिला दिसावा, यासाठीच हा सारा खटाटोप आहे. ज्याला वाचलेले समजते, त्याला कोणी सहजासहजी फसवू शकत नाही. गिरणगावाने करारनाम्यांवर न समजता उमटविलेल्या अंगठ्यांची किंमत पुरेपूर मोजली आहे. त्याच्या नातवंडांनी तरी सही करण्यापूर्वी वाचावे आणि वाचलेले समजावे. प्रवेशपरीक्षा हे त्याचे निमित्त ठरले, तर तिचे उपकारच मानू.