गिळलेला राग जातो कुठे?

नोकरीला लागणाऱ्या प्रत्येक मुलाला आपल्या घरात एक उपदेश ऐकावा लागतो : "साहेब काही बोलले तर राग गिळून टाक." उपदेश करणाऱ्याचे मन चांगले असते, पण गिळलेल्या रागाचे पुढे काय होते, हे कोणी सांगत नाही.

आपल्या मॉरिशसमध्ये पूर्वी उसाच्या मळ्यात सरदाराचा शब्द मुकाट्याने ऐकावा लागे. आज आपली मुले समुद्रकाठच्या हॉटेलांत, बँकांत, शाळांत काम करतात. तेथे हातांबरोबर चेहराही कामाला लावावा लागतो. पाहुणा ओरडला तरी हसायचे! अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी विमानातील सेविकांचा अभ्यास करून १९८३ साली आपल्या पुस्तकात याला 'भावनिक श्रम' म्हटले. श्रम म्हटले की थकवा आलाच. पगाराच्या कागदावर मात्र त्याची वेगळी ओळ नसते.

पुढे १९९० नंतरच्या दशकात जेम्स ग्रॉस व रॉबर्ट लेव्हनसन या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना मन हलवणारी चित्रफीत दाखवली आणि काहींना भावना चेहऱ्यावर येऊ देऊ नका, असे सांगितले. त्यांचे चेहरे बरेच शांत राहिले, शरीरातील ताण मात्र वाढला.

शाळेत तर हे रोज दिसते. अधिकारी मुलांसमोरच शिक्षकाला बोलतात. शिक्षक "होय, साहेब" म्हणतो, आणि दहा मिनिटांनी वही विसरलेल्या पोरावर त्याचा आवाज चढतो. वड्याचे तेल वांग्यावर! त्या पोराने काय केले होते?

मग टेबल आपटावे काय? तसे मी म्हणत नाही. लगेच उत्तर देऊ नये. फोनवर संदेश लिहून तर मुळीच नाही. आधी आपल्याला नेमके काय झाले ते पाहावे. अपमान वाटला, भीती वाटली, की नुसते दमलो आहोत? आपण या सगळ्यालाच 'राग' म्हणून मोकळे होतो. दमणूक असेल तर जेवण आणि झोप पुरे. अपमान असेल, तर दुसऱ्या दिवशी साहेबांची वेळ मागून, "आपण मुलांसमोर बोललात, ते मला लागले," एवढे सरळ सांगावे.

पण सारा संयम धाकट्यानेच का पाळावा? मुख्याध्यापकांनी आणि व्यवस्थापकांनी चूक जरूर दाखवावी, पण खोलीत बोलावून, दार लावून. त्यासाठी मंत्रालयाच्या परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.