वर्गात प्रश्न कोणी विचारायचा?

"समजलं का?" सर विचारतात. अख्खा वर्ग एका सुरात म्हणतो, "हो सर!" वडसा परिसरातल्या शाळांत आम्ही हेच ऐकत वाढलो. वाक्य प्रश्नाचं, काम मात्र हुकमाचं: आता गप्प बसा, धडा पुढे सरकू द्या.

बोलणं हीसुद्धा एक कृती असते, असं इंग्रज तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी मांडलं. त्यांची व्याख्यानं १९६२ साली पुस्तकरूपात आली. आमच्या समाजाने हे त्याआधीच भोगलं होतं. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी विद्यार्थी भीमरावांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावलं, तेव्हा सवर्ण मुलांनी ओरडा केला. कारण? फळ्यामागे त्यांचे डबे होते! शिक्षकाचा शब्द बोलावत होता, वर्गाचा शब्द हाकलत होता.

आज डबे हलवले जात नाहीत. पण "शिष्यवृत्तीवाले उभे राहा!" ही हाक येतेच. सरांना फक्त फॉर्म भरून घ्यायचे असतात, मान्य. तरी त्या एका वाक्याने कोणाची जात कोणती, हे साऱ्या वर्गाला कळतं. फॉर्म एकेकाच्या हातात देता येत नाही का?

तीच गत बोलीची. पोरगं "पानी" म्हणालं की वर्ग हसतो, आणि सर दुरुस्ती करतात. त्या क्षणी उच्चार सुधारतो की तोंड बंद होतं? याच वडशातून झाडीपट्टीची नाटकं गावोगाव जातात. रात्री मंचावर ज्या बोलीला टाळ्या मिळतात, तिला सकाळी वर्गात लाज का वाटावी? घरी गोंडी बोलणाऱ्या मुलाचं तर विचारूच नका.

शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घालतं. कलम २९ म्हणतं, मूल भयमुक्त असावं, त्याला आपलं मत मोकळेपणाने मांडता यावं. पण वर्गात विद्यार्थ्याच्या वाट्याला तीनच कामं येतात: परवानगी मागणे, उत्तर देणे, माफी मागणे. प्रश्न विचारला की "जास्त शहाणा झालास का?"

आमची मागणी बिनखर्चाची आहे. "समजलं का?" ऐवजी "कुठे अडलं?" विचारा. तासाची शेवटची पाच मिनिटं मुलांच्या प्रश्नांना द्या, त्यांच्या बोलीत. बाबासाहेबांनी आम्हाला प्रश्न विचारायला शिकवलं. वर्गात तो हक्क मिळत नसेल, तर संविधान फक्त प्रास्ताविकेच्या पाठांतरापुरतंच उरेल.