सपाट पृथ्वी आपली नव्हेच!

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावरील नृसिंहवाडीत पावसाळ्यात दक्षिणद्वार सोहळा होतो. चढत्या नदीचे पाणी उत्तरेकडून मंदिरात शिरते, श्रीदत्तपादुकांवरून वाहते आणि दक्षिणद्वाराने बाहेर पडते. त्या प्रवाहात स्नान करण्यासाठी शिरोळ तालुक्यातूनच नव्हे, तर सीमेपलीकडून कर्नाटकातूनही भाविक येतात. हाच भाविक घरी परतल्यावर धरणातून विसर्ग किती सोडला, वेधशाळेने कोणता इशारा दिला, हे डोळ्यांत तेल घालून पाहतो. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांच्या महापुरांनी त्याला ते शिकवले आहे. पादुकांपुढे हात जोडणे आणि उपग्रहाने टिपलेल्या ढगांचे चित्र पाहणे यांत त्याला कोणताही विरोध जाणवत नाही. आणि तो नाहीच.

असा विरोध निर्माण करणारी एक नवी टूम मात्र गेल्या काही वर्षांत भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून घरोघर पोहोचली आहे. पृथ्वी गोल नाही, ती सपाट आहे. उपग्रह खोटे, अंतराळातील छायाचित्रे खोटी, अंटार्क्टिका हा खंड नसून सपाट पृथ्वीच्या कडेची बर्फाची भिंत आहे, असे सांगणाऱ्या चित्रफिती एकीकडून दुसरीकडे धाडल्या जातात. ज्याला हसून सोडून द्यावे असे हे खूळ आहे. परंतु त्याला आता एक वेगळे वस्त्र नेसवले जात आहे. जंबुद्वीप, मेरू, सप्तसमुद्र ही नावे घेऊन ‘हेच आपल्या पूर्वजांचे ज्ञान होते, गोल पृथ्वी पाश्चात्त्यांनी आपल्यावर लादली’ असे सांगितले जाते, आणि स्वधर्माविषयी आस्था असलेला साधा माणूस या शब्दांना भुलतो. म्हणूनच याचा समाचार घेणे अगत्याचे आहे. गोल पृथ्वी पाश्चात्त्यांनी लादलेली नाही. उलट सपाट पृथ्वीचा आजचा पंथच शुद्ध विलायती आहे.

विलायती वाण

या पंथाचा मूळपुरुष सॅम्युअल रोबॉथम हा इंग्रज. १८३८ साली त्याने इंग्लंडमधील बेडफर्डच्या कालव्यावर पाण्याच्या पातळीलगत डोळा लावून दूर जाणारी नाव पाहिली आणि ती दिसत राहिली म्हणून पृथ्वी सपाट आहे, असा निष्कर्ष काढला. पाण्यालगतच्या हवेत प्रकाश वाकतो, हे त्याने विचारात घेतले नाही. १८४९ मध्ये त्याने आपले मत पुस्तिकेच्या रूपाने छापले. त्याला आधार होता तो बायबलच्या शब्दशः अर्थाचा. १८७० साली याच कालव्यावर आल्फ्रेड रसेल वॉलेस या निसर्गशास्त्रज्ञाने पाण्यापासून पुरेशा उंचीवर खुणा बांधून पृष्ठभागाची वक्रता दाखवून दिली आणि पैज जिंकली. तरीही अनुयायी हटले नाहीत. १९५६ मध्ये इंग्लंडमध्येच सपाट पृथ्वीवाद्यांची संस्था स्थापन झाली. आज मराठीत आणि हिंदीत फिरणारे बहुतेक ‘पुरावे’ या विलायती दुकानातील उष्टा माल आहेत. त्यावर मेरूचे नाव चिकटवले म्हणून तो स्वदेशी होत नाही.

रोबॉथम कालव्यावर डोळा लावून बसला होता, त्याच सुमारास मराठी भाषेत काय चालले होते? १८३६ साली सुबाजी बापू यांचा ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ हा मराठी ग्रंथ मुंबईत प्रसिद्ध झाला. भोपाळजवळच्या सिहोर येथील पाठशाळेत अध्यापन करणाऱ्या या पंडिताने भास्कराचार्यांच्या सिद्धांताच्या आधारे पृथ्वीचा गोल मांडला आणि त्याही पुढे जाऊन सूर्याभोवती पृथ्वी फिरते हे कोपर्निकसचे मतही स्वीकारले. पुण्याचे ज्योतिर्विद यज्ञेश्वर उर्फ बाबा जोशी रोडे यांनी त्याला उत्तर म्हणून ‘अविरोधप्रकाश’ लिहिला. पुराण आणि ज्योतिष यांत विरोध नाही, अशी त्यांची भूमिका. सुबाजी बापूंनी त्यावर ‘अविरोधप्रकाशविवेक’ लिहून प्रत्युत्तर दिले. वाद कडाक्याचा झाला. पण तो युक्तिवादाने झाला, ग्रंथाला ग्रंथाने उत्तर देऊन झाला.

या वादाला जुनी परंपरा होती. महाभारताचे विख्यात टीकाकार नीलकंठ चतुर्धर हे मूळचे गोदावरीकाठच्या कोपरगावचे. सतराव्या शतकात काशीत राहून त्यांनीही सूर्यसिद्धांत आणि पुराणे यांचा मेळ घालणारा ग्रंथ लिहिला होता. मेळ घालण्याची गरज का पडली? कारण पृथ्वी गोल आहे, हे मत विद्वानांमध्ये इतके रुजलेले होते की, पुराणांचा अभिमान बाळगणाऱ्यांनाही ते डावलता येत नव्हते.

पाटणचा मठ आणि खिद्रापूरचा लेख

ते रुजवले कोणी? इ. स. ४९९ मध्ये आर्यभटाने पृथ्वीच्या गोलाला कदंबाच्या फुलाची उपमा दिली. गोलाच्या सर्व अंगांना पाकळ्या असाव्यात तशी सर्व बाजूंनी जीवसृष्टी! पुढे लल्लाने विचारले की, पृथ्वी सपाट असेल तर दूरची उंच ताडाची झाडे का दिसत नाहीत? आणि ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, भास्कराचार्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ पूर्ण केला. त्यातील गोलाध्यायात सपाट पृथ्वीच्या मताची त्यांनी केलेली चिरफाड आजच्या चित्रफितींनाही पुरून उरते.

पृथ्वी आरशासारखी सपाट असेल, तर तिच्या वर फिरणारा सूर्य सर्वांना सदैव का दिसू नये? मेरू पर्वत आड येतो म्हणून रात्र होते, असे म्हणाल, तर तो मेरू स्वतः का दिसत नाही? पृथ्वीला कोणाचा तरी आधार हवा म्हणाल, तर त्या आधाराला दुसरा आधार, दुसऱ्याला तिसरा, अशी अनवस्था ओढवते. शेवटचा आधार स्वतःच्या शक्तीने राहतो असे मानायचे असेल, तर पहिल्यानेच, म्हणजे पृथ्वीनेच, स्वतःच्या शक्तीने राहायला काय हरकत आहे? मग जमीन सपाट का दिसते? परिघाचा शंभरावा भाग सरळ रेषेसारखा भासतो. पृथ्वी प्रचंड, माणूस अतिशय लहान, म्हणून त्याच्या नजरेत येणारा तुकडा सपाट वाटतो. शिरोळच्या काळ्या रानात उसाच्या बांधावर उभे राहून ‘कुठे आहे गोलाई?’ असे विचारणाऱ्याला भास्कराचार्यांनी पावणेनऊशे वर्षांपूर्वीच उत्तर देऊन ठेवले आहे. पौराणिकांप्रमाणेच बौद्ध आणि जैन आचार्यांच्या विश्ववर्णनातील मतांचाही त्यांनी तर्काने परामर्श घेतला. आपला-परका असा भेद त्यांच्या तर्काने केला नाही.

असे लिहिणाऱ्याचे समाजाने काय केले? युरोपात १६३३ साली गॅलिलिओला धर्मपीठापुढे गुडघे टेकावे लागले. इकडे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव सम्राट सिंघणाचे राजज्योतिषी झाले. खानदेशात चाळीसगावजवळील पाटण येथे त्यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, आणि निकुंभ वंशाच्या राजाने १२०७ साली त्या मठाला दान दिले. हे सांगणारा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. याच सिंघणाचा शिलालेख शिरोळ तालुक्यात खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवालयात आहे. देवालयाला दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. ज्या राजाच्या पदरी गोलाध्याय शिकवणारा ज्योतिषी होता, त्याच राजाने शिवालयाला दान दिले. श्रद्धा आणि गणित एकाच दरबारात नांदत होती. सपाट पृथ्वीला ‘आपली परंपरा’ म्हणणाऱ्यांनी खिद्रापूरला जाऊन तो दगड एकदा पाहावा.

पंचांग कोणत्या पृथ्वीचे?

परंपरेचा दाखला ग्रंथातच शोधावा लागतो असेही नाही. तो प्रत्येक घरात खुंटीला टांगलेला आहे. संकष्टीचा उपवास सोडण्यासाठी गृहिणी चंद्रोदयाची वेळ पाहते. नागपूरची वेळ आधीची, कोल्हापूरची नंतरची. का? गोल पृथ्वीवर पूर्वेकडच्या गावी चंद्र आधी उगवतो म्हणून. अक्षांश, रेखांश, चर, लंबन या संज्ञा ज्या गणितात येतात, ते गणित गोल पृथ्वीवाचून एक पाऊलही पुढे सरकत नाही. ७ सप्टेंबर २०२५ रोजी भारतातून दिसलेल्या खग्रास चंद्रग्रहणाचे स्पर्श-मोक्ष पंचांगात अगोदर छापलेले होते, आणि चंद्रावर सरकणाऱ्या पृथ्वीच्या सावलीची कड वाटोळी होती. ग्रहण पाळायचे पंचांगाच्या मिनिटावर आणि पृथ्वी मात्र चित्रफितीतली मानायची, याला श्रद्धा म्हणत नाहीत. हा बुद्धिभेद आहे.

देवांचा दिवस सहा महिन्यांचा, असे आपण परंपरेने ऐकत आलो. सिद्धांतकारांनी मेरू उत्तर ध्रुवावर मानला आणि या दीर्घ दिवसाचा उलगडा गोलाने करून दाखवला. दक्षिणेकडे, अंटार्क्टिकावर, भारताची ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही संशोधन केंद्रे आहेत. तेथे उन्हाळ्यात आठवड्यांमागून आठवडे सूर्य मावळत नाही, हे भारतीय वैज्ञानिक दरवर्षी अनुभवतात. तेथे बर्फाची भिंत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील काही सपाट पृथ्वीवाद्यांना अंटार्क्टिकाला नेण्यात आले. चोवीस तास न मावळणारा सूर्य डोळ्यांनी पाहिल्यावर त्यांच्यातील एका नामवंत प्रचारकाला आपली चूक मान्य करावी लागली. त्याहीपूर्वी २०१८ सालच्या एका माहितीपटात या पंथाच्याच मंडळींनी महागडे घूर्णदर्शक यंत्र वापरले, तेव्हा त्यात तासाला १५ अंश फरक दिसला. चोवीस तासांत ३६० अंश होण्यास लागतो तेवढाच! त्यांनी पृथ्वीऐवजी यंत्राच्याच वाचनावर संशय घेतला.

येथेच खरी मेख आहे. ‘प्रश्न विचारणे हेच विज्ञान ना? मग आमच्या प्रश्नांना का भिता?’ असा साळसूद सवाल ही मंडळी करतात. प्रश्नांना कोणीच भीत नाही. भास्कराचार्यांनीही प्रश्नच विचारले. परंतु ज्याला प्रश्न विचारायचा आहे, त्याने उत्तर ऐकण्याची तयारी ठेवावी लागते. उत्तर आले की प्रश्न बदलायचा आणि पुरावा आला की पुराव्यालाच कट म्हणायचे, ही जिज्ञासा नव्हे. हा वितंडवाद आहे. आपल्या न्यायशास्त्राने वाद आणि वितंडा यांतला भेद केव्हाच सांगून ठेवला आहे.

अभिमानाची कसोटी

मात्र दुसऱ्या टोकाच्या भ्रमापासूनही सावध राहिले पाहिजे. सारे ज्ञान पूर्वजांना आधीच पूर्णत्वाने ठाऊक होते, ही आत्मसंतुष्टताही परंपरेला धरून नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, हे आर्यभटाने सांगितले; ब्रह्मगुप्ताने ते खोडून काढले आणि भास्कराचार्यांनीही पृथ्वी स्थिरच मानली. त्या मुद्द्यावर आर्यभट बरोबर होता आणि त्याचे थोर टीकाकार चुकले होते, हे मान्य केल्याने कोणाचेही मोठेपण उणावत नाही. सुबाजी बापूंनी भास्कराचार्यांना गुरुस्थानी मानले आणि तरीही पृथ्वी फिरते हे स्वीकारले. गुरूचा आदर म्हणजे गुरूच्या पुढे एक पाऊल टाकण्याची जबाबदारी, हा त्यांच्या ग्रंथाचा धडा आहे.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. इंग्रजी अमलात मिशनरी प्रचारकांचे एक ठरलेले शस्त्र होते. तुमच्या पुराणांचा भूगोल खोटा, म्हणून तुमचा धर्मही खोटा! त्याला उत्तर मिळाले ते असे की, भूगोलाचा निर्णय आमचे सिद्धांतग्रंथ फार पूर्वीच करून बसले आहेत. पुराणे भक्तीसाठी आणि बोधासाठी आहेत, मोजमापासाठी नाहीत. आज जो ‘सपाट पृथ्वी हाच आमचा धर्म’ म्हणतो, तो नकळत त्या मिशनऱ्याचा खटला त्याच्याच बाजूने लढवत असतो. आपल्याच हाताने धर्माला त्या आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यात कसला आला स्वाभिमान?

आणि हा केवळ प्रतिष्ठेचा प्रश्न नाही. विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरून, फिरत्या पृथ्वीच्या गतीने फिरत, इन्सॅट मालिकेतील उपग्रह आपल्यावरील ढगांची चित्रे पाठवतात. उपग्रहच खोटे असे ज्या पोराच्या मनावर बिंबले, तो उद्या अतिवृष्टीच्या इशाऱ्यावर का विश्वास ठेवील? शिरोळ तालुक्यात घर कधी सोडायचे, जनावरे कधी हलवायची, हा निर्णय काही तासांत घ्यावा लागतो. तेथे अविश्वासाची किंमत चुकीच्या मतापेक्षा फार मोठी असते.

उपाय अवघड नाही. घरातील मुलाला कोनमापक, दोरा आणि एक खडा द्यावा. स्वच्छ रात्री शिरोळच्या गच्चीवरून ध्रुवतारा मोजला, तर तो क्षितिजापासून सुमारे पावणेसतरा अंशांवर सापडेल. कोल्हापूर जिल्ह्यातील कितीतरी घरांतले जवान उत्तर सीमेवर आहेत. श्रीनगरात त्याच वेळी ध्रुव सुमारे चौतीस अंशांवर असतो. फरक सव्वासतरा अंशांचा आणि दोन्ही ठिकाणांमधील उत्तर-दक्षिण अंतर सुमारे १,९२५ किलोमीटर. त्रैराशिक मांडले की, ३६० अंशांना चाळीस हजार किलोमीटरच्या आसपास पृथ्वीचा परीघ हाती येतो. भास्कराचार्यांनी उज्जयिनी विषुववृत्तापासून परिघाच्या सोळाव्या भागावर मानून हीच रीत सांगितली होती. चित्रफीत पुढे धाडायला एक क्षण लागतो; हे मोजायला एक संध्याकाळ. ज्या समाजाने या विषयालाच ‘भूगोल’ असे नाव दिले, त्याने आपल्या मुलांसाठी तेवढी एक संध्याकाळ काढलीच पाहिजे.